कोचीला आलात तर आधी लाल नळ

कोचीला आलेल्या वऱ्हाडच्या माणसाला पहिला अर्धा तास मी गावाबद्दल काहीच सांगत नाही. सांगून उपयोग नसतो. अकोला-अमरावतीकडची माणसं रेल्वेत अंग आंबवून आलेली असतात, आणि स्टेशनावर उतरल्यापासून त्यांचा एकच घोष चाललेला असतो, "समुद्र कुठी हाय?" अशा माणसाला राजवाडा दाखवला तरी तो राजवाड्याच्या खिडकीतून समुद्रच शोधतो. म्हणून सामान टेकवलं, चहा झाला, अंगणातला लाल नळ दाखवून झाला (त्याचं पुढे सांगते), की मी सगळ्यांना किनाऱ्यावर नेते आणि म्हणते, "जा, पाय भिजवून या." मग साड्या खोचल्या जातात, पँटी दुमडल्या जातात. आयुष्यभर चारचौघांत हसली नसेल अशी एखादी आजीबाई लाट आली की किंचाळते. मी बाजूला उभी राहून चपला राखते. माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे, पाय भिजल्याशिवाय माणसाचे कान उघडत नाहीत.

हा अंक काढणाऱ्या ताईंनी फोनवर विषय दिला तो असा : कोचीसारख्या जुन्या बंदराच्या शहरात जाऊन काय काय मजा करावी. मी म्हटलं, ताई, मी आठवीत शाळा सोडलेली बाई. लिहिते ते किराण्याची यादी. त्या म्हणाल्या, तुम्ही पाहुण्यांना सांगता तसंच लिहा. तर तसंच लिहिते. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं माहेर मूर्तिजापूर तालुक्यातलं, सासर बडनेऱ्याचं. आमचे हे टुरिस्ट गाडी चालवायचे. एका मालकानं त्यांना कोचीत गाडी दिली, आणि आम्ही दोन पेट्या घेऊन फोर्ट कोचीत मेरीचेचीच्या घरी वरच्या दोन खोल्यांत राहायला आलो. चेची म्हणजे इथल्या भाषेत मोठी बहीण. तिचं नाव मेरी. या बाईचे उपकार मी कोणत्या जन्मी फेडणार, देव जाणे. मला इथली भाषा येत नव्हती, नारळाच्या तेलातली भाजी गळ्याखाली उतरत नव्हती, आणि रडायला सुद्धा ओळखीची जागा नव्हती. चेचीनं मला रोज सकाळी चहाला बसवून एकेक शब्द शिकवला. पुढे यांना कमरेचं दुखणं लागलं, गाडी सुटली. त्याच सुमारास अमरावतीची काही माणसं फिरायला आली होती. दोन दिवस इडली-भात खाऊन त्यांचे चेहरे उतरले होते. यांनी त्यांना घरी आणलं. मी ज्वारीच्या भाकरी, वरण, हिरव्या मिरचीचा ठेचा केला. जेवून झाल्यावर त्यातल्या एक बाई म्हणाल्या, "ताई, तुमीच चाला ना आमच्यासंगं गाव दाखवाले. त्या गाइडची इंग्रजी आमच्या डोक्यावरून जाऊन राह्यली." मी गेले. त्या दिवसापासून हाच माझा धंदा. चेचीनं खालच्या चार खोल्या पाहुण्यांसाठी उघडून दिल्या. यांच्याकडे भाजी-बाजार आणि स्टेशन, माझ्याकडे चूल आणि गाव.

धंद्यातली माझी एकच दुखरी जागा, म्हणजे सालं. कोणती इमारत कोणत्या साली बांधली, हे माझ्या डोक्यात राहत नाही. सुरुवातीला मी भीतीपोटी तोंडाला येईल ते सांगायची. अकोल्याचे एक निवृत्त हेडक्लार्क आले होते, हातात वही. सकाळी मी एका चर्चला पाचशे वर्षं दिली, आणि जेवण झाल्यावर त्याच चर्चसमोरून जाताना तीनशे. त्यांनी चष्मा वर केला. "ताई, सकाळी पाचशे होते. दोनशे जेवणात वाढले काय?" सगळे हसले, मीही हसले. संध्याकाळी चेचीला सांगितलं. ती म्हणाली, "माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. माणसं माफ करतात. खोटं सांगितलंस तर तुझं खरंही कोणी खरं मानणार नाही." तेव्हापासून साल विचारलं की मी सरळ सांगते, मला माहीत नाही, पाटी वाचा.

बाकी मात्र माझ्यासारखी कोची कोणी दाखवून दाखवावी! हे मी गर्वानं लिहिते.

पाय भिजले की जाळी. किनाऱ्यावर लाकडी वाशांची ही मोठाली चिनी जाळी उभी आहेत. फोटोत सगळ्यांनी पाहिलेली असतात, पण ती चालतात कशी हे कोणाला कळत नाही. मी सांगते, तराजू समजा. एका पारड्यात जाळं, दुसऱ्या पारड्यात दोरांना टांगलेले दगड. एक माणूस वाशावर पुढे चालत गेला की जाळं पाण्यात उतरतं. मग चार-पाच जणांनी मागून दोर ओढायचा की वर येतं. नुसतं पाहू नका, विचारून दोर ओढा. तिथले म्हातारे अँथनीचेट्टन, म्हणजे अँथनीदादा, माझ्या पाहुण्यांना कधी नाही म्हणत नाहीत. वर आलेल्या जाळ्यात बहुतेक वेळा बोटाएवढे मासे आणि एखादी चप्पल असते. तरी ओढणाऱ्याला वाटतं, आपण अख्खा समुद्र उचलला.

दुसरी मजा बोटीची. पलीकडच्या बेटावर जाणारी साधी प्रवासी बोट असते, शाळेची मुलं, भाजीवाल्या, कामावर निघालेली माणसं, सगळी त्यात. महागड्या सहलीच्या बोटीपेक्षा या बोटीत जा. सकाळची वेळ असली आणि नशीब असलं तर डॉल्फिनची पाठ दिसते. मग धोबीखाना. तिथे दोरीवर कपडे वाळतात पण एक चिमटा दिसणार नाही. दोन दोऱ्यांना पीळ दिलेला असतो, त्या पिळात कपड्याचं टोक खोचतात. आमच्या बायका राजवाडा विसरतात, हे विसरत नाहीत. राजवाड्यात भिंतीवर सगळं रामायण रंगवलेलं आहे. तिथे मी गप्प बसते, कारण तिथे आमच्या बायकाच गाइड होतात. बाळापूरचे एक हाजीसाहेब कापडाचे व्यापारी होते. त्यांना इथली जुनी लाकडी मशीद दाखवली. ना घुमट, ना मिनार, कौलारू छप्पर. बराच वेळ पाहून म्हणाले, "बाई, अल्ला का घर भी जिस गाव में बनता, उस गाव के कपडे पहनता." हे वाक्य मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते, त्यांच्या नावानं.

आणि सिनेगॉग, म्हणजे ज्यू लोकांचं प्रार्थनाघर. शनिवारी बंद असतं, हे मी एकदा पंचवीस माणसं दारात उभी करून शिकले. चपला-जोडे बाहेर काढायचे. आत खाली चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या आहेत, हातानं रंगवलेल्या. एकीसारखी दुसरी नाही म्हणतात. मी पाहुण्यांना पैज लावते, दोन सारख्या शोधून दाखवा, रात्री पुरणपोळी. आजवर मला पुरणपोळी करावी लागली नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले, ते सांगते.

काही वर्षांपूर्वी, तूर-हरभरा घरात आल्यावर, होळी झाल्यानंतर, दर्यापूर तालुक्यातल्या पूर्णाकाठच्या एका गावाहून चौदा माणसं आली. माझे पाहुणे तोवर बहुतेक अकोला-अमरावती शहरातले असत. खेड्यातला, त्यातून खारपाण पट्ट्यातला हा पहिलाच गट. खारपाण पट्टा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पूर्णेच्या दोन्ही बाजूंनी मैलोगणती जमिनीखालचं पाणीच खारं आहे. विहीर खोदा, बोअर मारा, खारंच. माझं माहेरही त्यातलंच. आता धरणाचं पाणी नळानं येतं, पण येतं तेव्हा येतं. आमच्या पिढीच्या जिभा विहिरीच्या पाण्यावरच वाढलेल्या.

गटात पुंडलिकआबा होते, सत्तरीच्या पुढचे. ग्रामपंचायतीत नळवाले म्हणून त्यांनी सगळी उमर काढलेली. व्हॉल्व्ह सोडायचा, बंद करायचा, पाइप फुटला की चिखलात उतरायचं. त्यांची बायको कौसाबाई. आल्या आल्या तिनं मला स्वयंपाकघरात गाठलं.

"ताई, याईचं हिरदय कमजोर हाय. किडनीबी बरी नाही. अमरावतीच्या डाक्टरनं मीठ बंद केलं. म्हणे मीठ पोटात गेलं तं अंगात पाणी भरते, मंग दम घुटते. डाक्टर पाठवाले तयार नवता, पोरं तयार नवते. पण याईनं हट्टच धरला. आमच्या गावात म्हणते ना, आपल्या वावराखाली कधीकाळी समुद्र होता म्हणून. याईले तो पाहाचा हाय एकडाव." मग माझा हात धरून म्हणाली, "मी तुमच्या भरवशावर आणलं हाय याईले. जसे आणले तसे घरी न्या लागते."

मी म्हटलं, "मावशी, काळजी करू नका. त्यांचं सगळं वेगळं शिजवीन." आणि शिजवलंही. त्यांची डाळ वेगळी, भाजी वेगळी, मिठाचा डबासुद्धा मी वरच्या फळीवर ठेवून दिला, चुकून हात जाऊ नये म्हणून.

पहिल्याच संध्याकाळी पाय भिजवायला गेलो. आबा गुडघाभर पाण्यात उभे राहिले. ओंजळीत पाणी घेतलं, जिभेचं टोक लावलं, आणि मागे वळून मोठ्यानं म्हणाले, "हे तं जास्तच हाय बाप्पा! आपल्या हिरीत याच्या अर्धंबी नसंल!" सगळे हसले. त्यांचा पुतण्या गजानन म्हणाला, "काका, तुमाले पंचायतीनं तपासाले पाठवलं काय इथी?" आबा म्हणाले, "मंग! रिपोर्ट लेहा. पाणी खारं हाय, नळ बंद करा."

आमच्या अंगणात दोन नळ आहेत. फोर्ट कोचीची गंमत अशी, की तिन्ही बाजूंना पाणी आणि प्यायला मात्र तंगी. सरकारी नळाला सकाळी सातला पाणी येतं, तेही दिवसाआड. ते आम्ही प्यायला भरून ठेवतो. दुसरा नळ विहिरीचा, टाकीतून येतो, त्याला केव्हाही पाणी. पावसाळ्यात ते बरं असतं, होळीच्या पुढे मचूळ होतं. धुणं-भांडी-आंघोळ त्यावर. इतक्या वर्षांत त्या नळावर कधी पाटी लावावी लागली नाही. पुण्याचा असो, परदेशी असो, चुकून पेला भरला तर पहिल्या घोटालाच थुंकायचा. पाहुण्यांची जीभच त्या नळाचा पहारा करायची.

आता खारपाणातल्या बायकांची एक सवय असते. वाहतं पाणी दिसलं की भरून ठेवायचं. पुढे येईल न येईल. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठायच्या आत कौसाबाई आणि बाकीच्या बायकांनी अंगणातला नळ सोडून पाहिला. पाणी आलं! मग काय, त्यांच्या बाटल्या, बादल्या तर भरल्याच, पण स्वयंपाकघरातले माझे पिण्याचे दोन्ही हंडे अर्धे रिकामे दिसले, म्हणून तेही घासून काठोकाठ भरून ठेवले. मी खाली आले तर कौसाबाई पदरानं हात पुसत उभी. "ताई, पाणी भरलं सारं. तुमाले तरास नाही." मला तर गहिवरूनच आलं. पाहुण्यांनी माझ्या घरात पाणी भरलं, असं माहेरपण मला कोणी दिलं होतं? कोणत्या नळाचं, हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

आणि पुढचं लिहायला मला अजून लाज वाटते. त्या पाण्याचा चहा मी प्याले. तेच पाणी मी प्याले. यांना मधुमेह, चहा बंद, आणि त्यांची वेगळी उकळलेल्या पाण्याची बाटली असते, तेही सुटले. मला काही वेगळं लागलं नाही. उलट त्या दिवशी उगाच माहेरची आठवण येत राहिली. चोवीस वर्षांनी माझी जीभ माहेरी गेली होती, आणि मला पत्ता नव्हता.

एक खूण मिळाली होती. डाळ शिजेना. मी शिट्ट्यांवर शिट्ट्या घेतल्या, वाण्याला शिव्या घातल्या, डाळ जुनी दिली म्हणून. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे माझी आई चुलीपुढे हजार वेळा बोललेली. तरी आठवलं नाही. उलट ताट वाढल्यावर आबांनी घास घेतला आणि मान हलवली. "ताई, अळणी जेवणाले चव आणली बावा तुमी." कौसाबाई म्हणाली, "दोन वर्सात पयल्यांदा पोटभर जेवले." मी फुगले. खोटं कशाला सांगू, दिवसभर फुगलेली होते.

त्या दिवशी बोट झाली, धोबीखाना झाला. जाळ्यावर त्या दिवशी भरतीची वेळ जमली नाही, म्हणून आबांना म्हटलं, तुमचा दोर उद्या-परवा. तिसऱ्या दिवशी राजवाडा आणि सिनेगॉग. ऊन भारी होतं. आबा सारखी बाटली तोंडाला लावत होते. फरश्यांची पैज त्यांनी मनावर घेतली. भिंतीला टेकून, दम खात, एकेक फरशी पाहत होते. मी म्हटलं, "आबा, थकले का?" "नाही वो, वय हाय."

बाहेर आल्यावर जोडे घालायची वेळ आली. आबांचे कापडी जोडे. पाय जाईनात. त्यांनी नाडी सोडली, तरी जाईनात.

"गजू, हे दुसऱ्याचे जोडे हायत रे."

गजानननं पाहिलं. "तुमचेच हायत काका. हे पाहा ना, काकूनं शिवलेलं ठिगळ."

मी खाली वाकून त्यांच्या पायाला बोट लावलं. बोट रुतलं, आणि खड्डा तसाच राहिला. रिक्षा केली, घरी आणलं, पलंगावर टेकवलं. मला वाटलं, चालणं जास्त झालं, ऊन लागलं. मी त्यांना पाणी दिलं. दोन पेले. कोणतं, ते तुम्हाला कळलंच असेल.

चेची दोन दिवस तिच्या बहिणीकडे गेली होती. ती नेमकी त्याच संध्याकाळी परतली. मी चहा केला, तिच्यापुढे ठेवला. तिनं एक घोट घेतला आणि तोंडातला चहा पुन्हा कपात टाकला.

"उप्पु!" ती म्हणाली. उप्पु म्हणजे मीठ.

मी म्हटलं, "चेची, साखर घातली आहे."

"साखर आहे, त्याखाली मीठ आहे. सुनंदा, पाणी कुठलं हे?"

मी हंड्यातलं पाणी ओंजळीत घेऊन प्याले. काही कळलं नाही. कौसाबाईला हाक मारली, "मावशी, त्या दिवशी पाणी कोणत्या नळाचं भरलं?" तिनं विहिरीच्या नळाकडे बोट दाखवलं. "आजबी त्याचंच भरलं ना. काहून, बंद करतात काय तो?"

दोन दिवस मी त्या माणसाची अळणी डाळ मिठाच्या पाण्यात शिजवत होते.

आबांच्या खोलीत गेलो तर ते आडवे होत नव्हते. आडवं झालं की दम कोंडत होता. यांनी रिक्षा आणली. मी, कौसाबाई, गजानन, असे दवाखान्यात गेलो. तिथे एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं छाती ऐकली, पाय दाबले, कागद पाहिले आणि मला त्यांच्या भाषेत विचारलं, "मीठ वर्ज्य आहे ना? मग दोन दिवसांत काय खाल्लं यांनी?"

तिथे त्या खोलीत मल्याळम फक्त मला आणि तिलाच येत होतं. मी म्हणू शकले असते, बाहेर पापड खाल्ले, लोणचं खाल्लं. कौसाबाईला ते कधी कळलं नसतं. माझं नाव, माझा धंदा, चेचीच्या चार खोल्या, सगळं त्या एका उत्तरावर टांगलेलं होतं. पण चेचीचं ते सालाबद्दलचं बोलणं कानात वाजलं. मी डॉक्टरणीला खरं सांगितलं. पाणी माझ्या घरचं, विहिरीचं, खारं, दोन दिवस, स्वयंपाकसुद्धा त्यातच. ती भराभर लिहीत गेली, म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. आता मला कळलं काय करायचं." इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला.

मग मी बाहेर येऊन तेच सगळं वऱ्हाडीत सांगितलं. ते जास्त कठीण गेलं.

गजानन पेटला. "तुमी आमच्याच मुलखातल्या. मीठ वर्ज्य हाय हे काकूनं पयल्याच दिवशी सांगतलं होतं. अन् तुमालेच कळलं नाही? वरून फरश्या मोजाले लावल्या बुढ्याले!" त्याचं काय चुकलं होतं?

कौसाबाई बाकावरून उठली. "गजू, पाणी कोणं भरलं? मी भरलं. पेलं कोणं? तूबी पेला ना तांब्याभर. तुले कळलं काय खारं हाय ते?"

गजानन म्हणाला, "मले तं गोड लागलं."

ती रात्र कशी गेली ते लिहीत नाही. सकाळी खोलीच्या दारातून पाहिलं तर आबा उशीला टेकून बसले होते. पायांवरची सूज उतरलेली. नर्सनं आत फक्त एकाला सोडलं होतं, कौसाबाईनं मला पुढे ढकललं. मी हात जोडले.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, मी समुद्र पाहाले आलो होतो. तुमी तं पाजलाबी."

मी रडले, ते हसले, हसताना खोकले, आणि नर्स मला ओरडली.

दोन दिवसांनी सोडलं. दुसऱ्या दिवशीची गाडी होती. डॉक्टरणीनं बजावलं होतं, श्रम नाहीत. पण आबांचा दोर राहिला होता. सकाळी रिक्षानं जाळ्यापाशी नेलं. मी अँथनीचेट्टनना सगळं सांगितलं. त्यांनी फळीवर पोतं अंथरलं, आबांना बसवलं, आणि दोराचं टोक त्यांच्या हातात दिलं. "ओढायचं नाही. नुसतं धरायचं." ते मी आबांना सांगितलं. बाकीचे सहा जण ओढू लागले, गजानन सगळ्यात पुढे. दगड खाली येऊ लागले, जाळं वर. दोर आबांच्या मुठीतून ओला सरकत गेला. जाळं बाहेर आलं, चहूकडून पाणी गळत होतं, मधे दोन-चार मासे उड्या मारत होते. आबा त्या गळणाऱ्या पाण्याकडेच पाहत बसले.

"लीकेज लय हाय," ते म्हणाले.

मला वाटलं, झालं, आता घरी जाऊन सामान बांधायचं. पण आबा घरी येऊन अंगणात थांबले. विहिरीच्या नळासमोर. बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, "ताई, लाल आइलपेंट भेटते काय इथी?"

हे जाऊन डबी आणि ब्रश घेऊन आले. आबा खुर्ची ओढून नळासमोर बसले. कौसाबाई म्हणाली, "राहू द्या ना, गजू मारते." त्यांनी ऐकलं नाही. रंगाचा एक थेंब खाली पडला नाही. तोटी, पाइप, वर गुडघाभर भिंत. रंगवता रंगवता माझ्याशी बोलत होते, पण नजर ब्रशवर.

"आमच्याकडं ज्या हापशीचं पाणी पेण्याजोगं नसते, तिले लाल रंग माराचा असते. वाचता येवो नाही येवो, पोराले, बुढीले, साऱ्याईले कळते. तीस वर्सं हापश्याईले लाल रंग मीच मारला. अन् त्या दिवशी बाटली तोंडाले लावली तवा मलेच कळलं नाही. तुमी काहून एकट्याच रडून राह्यल्या? आपल्या साऱ्याईचीच जीभ तशी हाय."

शेवटचा हात मारून त्यांनी ब्रश कागदावर पुसला आणि दोन पावलं मागे येऊन पाहिलं, जसं मोठं काम झाल्यावर कारागीर पाहतो. मग चेचीला खुणेनं विचारलं, ठीक आहे का? चेचीला मराठी येत नाही. तिनं आत जाऊन आबांसाठी सरकारी नळाचं पाणी पेल्यातून आणलं. आबांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "याले तं काही चवच नाही," म्हणाले, आणि सगळं प्याले.

आबा घरी पोचले, पुढे तुरीचे दोन हंगाम त्यांनी पाहिले. कौसाबाईचा फोन अजून येतो. गजानन दरवर्षी कोणाला ना कोणाला माझ्याकडे पाठवतो, आणि फोनवर सांगतो, "ताई चांगल्या हायत, पण पाणी इचारून पेजा." मी रागावत नाही. माझ्या धंद्याची याहून खरी जाहिरात कोणी केली नसती.

इथल्या खाऱ्या हवेत रंग टिकत नाही. वर्षाला पोपडे निघतात. दरवर्षी होळीच्या आधी मी स्वतः खुर्ची टाकून बसते आणि पुन्हा रंग मारते. थेंब मात्र माझ्या हातून पडतात. परदेशी पाहुणे त्या नळाचे फोटो काढतात, त्यांना वाटतं तीही इथली काही जुनी कला आहे. आणि मी आता पाय भिजवायला नेण्याच्याही आधी सगळ्यांना अंगणात उभं करते, लाल नळ दाखवते, आबांची गोष्ट सांगते. मग समुद्र.

राजवाड्याचं साल मला आजही विचारतात, चर्चचं विचारतात, सिनेगॉगचं विचारतात. मी म्हणते, माहीत नाही, पाटी वाचा. या सगळ्या गावात एकाच गोष्टीचं, अंगणातल्या लाल नळाचं, साल, महिना, वार, सकाळची वेळसुद्धा मला तोंडपाठ आहे. ते मात्र कोणी विचारत नाही.